लूप घालायला सोपा, काढायला अवघड: गिटार लूपर आणि पर्कशनवर लाइव्ह अँबियंट कसं वाजवायचं

लूपर, म्हणजे वाजवलेलं रेकॉर्ड करून तेच परत परत फिरवणारं पेडल, हातात आला की सुरुवातीला सगळे एकच करतात, चार कॉर्ड वाजवायच्या, लूप फिरवायचा आणि त्यावर तासभर सोलो मारत बसायचं. मजा येते, नाही असं नाही, पण ती झाली बॅकिंग ट्रॅकवरची प्रॅक्टिस. अँबियंट, म्हणजे हळूहळू बदलत जाणारं, वातावरणासारखं पसरलेलं संगीत, वाजवायचं तर आधी हे डोक्यात बसवा की लूप हा कोणाचंही न ऐकणारा साथीदार आहे. तुम्ही थांबलात तरी तो थांबत नाही, पर्कशनवाला जरा पुढे सरकला तरी त्याला फरक पडत नाही, आणि दोन मिनिटांपूर्वी चुकून लागलेली नोट तो दर वीस सेकंदांनी इमानेइतबारे परत वाजवतो. म्हणजे ऐकायचं सगळं काम उरलेल्या माणसांनीच करायचं. त्यामुळे खाली जे काय लिहिलंय त्याचा रोख एकाच गोष्टीवर आहे, की लूपमध्ये असं काय टाकायचं जे पाच-दहा मिनिटं ऐकलं तरी डोक्यात जाणार नाही, आणि टाकलेलं परत बाहेर कसं काढायचं. दुसरं जास्त महत्त्वाचं, पण ते कोणी शिकवत नाही.

सामान किती लागतं

कमी. एक गिटार, व्हॉल्यूम पेडल, डिले (सूर थोड्या वेळाने परत ऐकवणारं पेडल), रिव्हर्ब (मोठ्या हॉलसारखी गुंज देणारं) आणि लूपर. बास. टीसी इलेक्ट्रॉनिकचा डिट्टो किंवा बॉसचा आरसी-१ असला एका बटणाचा लूपरही चालतो, फक्त त्यात स्टॉप करायला बटण दोनदा दाबावं लागतं, त्यामुळे ऐन वेळी थांबवणं थोडं उशिरा होतं, ते पायाला सवयीचं करून घ्या. नवीन घेणार असाल तर मिनिटं किती रेकॉर्ड होतात हे बघू नका, अँबियंटसाठी अर्धा मिनिट पुरून उरतो. १९९९ मध्ये आलेल्या लाइन ६ च्या हिरव्या डीएल४ मध्ये फक्त १४ सेकंदांचा लूप होता आणि तरी लोकांनी त्यावर अख्खे कार्यक्रम केले, कारण त्यात हाफ स्पीड आणि रिव्हर्स पायाने करता येत होतं. तर बघायचं ते हे: स्टॉपचं वेगळं बटण आहे का, उलटा आणि अर्ध्या वेगाने फिरतो का, आणि सगळ्यात मोठं म्हणजे जुन्या लेयर, म्हणजे एकावर एक चढवलेले थर, हळूहळू विरत जातील असा फीडबॅक किंवा डिके कंट्रोल आहे का.

क्रम असा लावा: गिटार, मग ओव्हरड्राइव्ह वगैरे असेल तर ते, मग व्हॉल्यूम पेडल, मग डिले, मग रिव्हर्ब, मग लूपर. आणि लूपरच्या पुढे, म्हणजे अँपकडे जाताना, अजून एक व्हॉल्यूम पेडल आणि जमलं तर अजून एक रिव्हर्ब. हे शेवटचं लोक टाळतात, जागा नाही, पैसे नाहीत, वगैरे, पण लूपरच्या नंतर काहीच नसेल तर लूप बाहेर काढायचा एकच मार्ग उरतो, खाडकन बंद करणं. दुसरं व्हॉल्यूम पेडल घेताना पॅसिव्ह असेल तर कमी ओहमचं घ्या, २५ के (२५ हजार ओहम) च्या आसपासचं, कारण लूपरमधून येणारा सिग्नल गिटारच्या थेट सिग्नलसारखा हाय इम्पीडन्स नसतो आणि २५० के च्या पेडलवर तो नीट हळूहळू खाली येत नाही, शेवटच्या टप्प्यात एकदम उडी मारतो.

पॉवर सप्लायबद्दल एक वाक्य: डिजिटल पेडल्स एकाच वायरवर साखळीने जोडली की बारीक चिरचिर येते, एरवी ती खपून जाते पण लूपमध्ये गेली की प्रत्येक लेयरबरोबर परत जमा होते, म्हणून आयसोलेटेड, म्हणजे प्रत्येक पेडलला वेगळी वीज देणारा, सप्लाय वापरा.

पहिला लूप

पहिला लूपच सगळं ठरवतो, तेव्हा त्यात कमीत कमी ठरवून टाका. म्हणजे काय तर, पहिल्या लेयरमध्ये गंधार नको. फक्त सा आणि प, फार तर वरचा सा. का, तर गंधार आला की मूड पक्का झाला, शुद्ध लावला तर मेजर, कोमल लावला तर मायनर, आणि पुढची दहा मिनिटं तुम्ही त्याच खोलीत अडकलात. सा-प चा नुसता ड्रोन असेल तर चार मिनिटांनी कोमल गंधार आणा, मग तो सोडून द्या, नंतर शुद्ध आणा, खालचा लूप तोच आणि तरी सगळं बदलल्यासारखं वाटतं. फक्त एक पथ्य, गंधार लूपमध्ये टाकायचा नाही, वरून लाइव्ह वाजवायचा. तानपुऱ्यावर गाणारे पिढ्यानपिढ्या हेच करत आलेत, खाली सा-प आणि वर राग कुठलाही, गिटारवाल्यांना मात्र हे परत शोधावं लागतं.

यासाठी ट्यूनिंग बदललंत तर काम अर्धं होतं. डी-ए-डी-जी-ए-डी लावा, म्हणजे स्टँडर्डमधून सहावी आणि पहिली तार ई वरून डी ला उतरवायची आणि दुसरी बी वरून ए ला. यात गंधार कुठल्याच मोकळ्या तारेवर नाही, त्यामुळे चुकून सगळ्या तारा छेडल्या तरी काही बिघडत नाही. बाराव्या फ्रेटवरचे हार्मोनिक्स घेतले की त्याच नोटा एक सप्तक वर मिळतात, सातव्यावर घेतले की ए, ई, डी मिळतात, म्हणजे डी ला सा धरला तर प, रे आणि सा. नुसत्या हार्मोनिक्सवर एक अख्खी लेयर होते आणि ती कोणालाच टोचत नाही.

वाजवायचं कसं, तर तार छेडल्याचा आवाज ऐकू येऊ द्यायचा नाही. पेडल खाली, तार छेडा, मग पेडल हळू वर, परत खाली. याला स्वेल म्हणतात. पेडल नसेल तर करंगळीने गिटारचा व्हॉल्यूम नॉब फिरवा, स्ट्रॅटसारख्या गिटारवर तो हाताशी असतो. याचा फायदा नुसता कानाला गोड लागणं एवढाच नाही, तर टायमिंगच्या चुकाही झाकल्या जातात, सूर कधी सुरू झाला हेच कळत नसेल तर तो उशिरा आला हेही कळत नाही. ई-बो, म्हणजे तार न छेडता कंपत ठेवणारं छोटं यंत्र, असेल तर उत्तमच, एकाच तारेवर हवा तेवढा वेळ सूर धरता येतो, पण ई-बोची लेयर एकच ठेवा, दोन झाल्या की सायरन वाजल्यासारखं होतं.

लांबी १५ ते ३० सेकंद. आठ सेकंदांच्या आतला लूप असेल तर कानाला लगेच कळतं की हा फिरतोय आणि मग माणूस फिरणंच मोजत बसतो. आणि अर्धा लूप रिकामा ठेवा. खरंच, अर्धा. वीस सेकंदांच्या लूपमध्ये दोन-तीन सूर, बाकी रिव्हर्बची शेपटी आणि शांतता. पहिल्यांदा करताना हे इतकं रिकामं वाटतं की हात शिवशिवतात, पण नंतर पर्कशन येणार आहे, तुम्ही स्वतः वरून वाजवणार आहात, त्यांना जागा कुठून मिळणार?

आता जोड. लूपचा शेवट आणि सुरुवात जिथे भेटतात तिथे बऱ्याच वेळा एक बारीक धक्का ऐकू येतो, कारण शेवटच्या सुराची रिव्हर्बची शेपटी बटण दाबल्याबरोबर कापली जाते आणि लूपच्या सुरुवातीला ती नसते. यावर उपाय सोपा आहे, लूप बंद करताना रेकॉर्डवरून थेट प्लेवर न जाता रेकॉर्डवरून ओव्हरडबवर (चालू लूपवर नवा थर चढवणं) जा, काही वाजवू नका, शेपटी पूर्ण विरेपर्यंत थांबा, मग प्लेवर या. म्हणजे शेवटची शेपटी लूपच्या सुरुवातीवर आपोआप सांडते आणि जोड पुसला जातो. बऱ्याच लूपरमध्ये हा क्रम सेटिंगमध्ये बदलता येतो, आधी तो बघा. आणि सूर जोडाच्या दोन-तीन सेकंद अलीकडे-पलीकडे नको, मग बटण थोडं मागेपुढे दाबलं गेलं तरी बिघडत नाही. जाड सोलचे बूट घालून लूपर चालवू नका, बटण कधी दाबलं गेलं ते पायाला कळत नाही, अनवाणी किंवा मोज्यांवर सगळ्यात बरं.

लेयर वाढवताना

इथेच सगळे वाहून जातात. तीन लेयर छान, चार ठीक, सहाव्या लेयरला नुसता गोंगाट, आणि गंमत म्हणजे वाजवणाऱ्याला तो कळतही नाही कारण त्याला प्रत्येक लेयर कधी टाकली ते आठवत असतं, ऐकणाऱ्याला सगळं एकदमच ऐकू येतं. साधारण सारख्या आवाजाच्या दोन वेगवेगळ्या लेयर एकत्र आल्या की आवाज ३ डेसिबलने वाढतो, आणि तीच फ्रेज हुबेहूब वर चढवली तर ६ पर्यंत. म्हणून प्रत्येक नवीन लेयर आधीच्यापेक्षा हळू वाजवा, पहिली लेयर जेवढ्यास तेवढी, दुसरी थोडी कमी, तिसरी जेमतेम ऐकू येईल एवढी.

दुसरी गोष्ट, प्रत्येक लेयरची उंची वेगळी ठेवा. सगळ्या लेयर गिटारच्या मधल्या भागात वाजवल्या की २०० ते ४०० हर्ट्झच्या पट्ट्यात चिखल होतो, आणि फ्रेम ड्रमचा किंवा कहोनचा (वर बसून वाजवायच्या लाकडी पेटीचा) अंगभर आवाजही तिथेच आसपास असतो, मग पर्कशनवाला बिचारा जोरजोरात वाजवत राहतो आणि तरी ऐकू येत नाही. एक लेयर जाड तारांवर, एक बाराव्या फ्रेटच्या वर, मधला भाग पर्कशनला आणि तुमच्या लाइव्ह वाजवण्याला मोकळा. रिव्हर्बमध्ये लो कट असेल तर शंभर-दीडशे हर्ट्झच्या खालचं कापा. ऑक्टेव्ह पेडलने खालचा सूर टाकायचा मोह होतोच, टाका, पण एकच, आणि तो टाकला की ड्रमवाल्याला खूण करा म्हणजे तो खालच्या आवाजातून बाहेर पडेल.

हाफ स्पीड हे माझं सगळ्यात आवडतं बटण आहे. वीस सेकंदांचा लूप चाळीसचा होतो, सूर एक सप्तक खाली जातात, तार छेडल्याचे बारीक आवाज लांबट होऊन घंटेसारखे ऐकू येतात. उलटंही करून बघा, लूप हाफ स्पीडवर असताना त्यात एक छोटी फ्रेज ओव्हरडब करा आणि मग नेहमीच्या वेगावर या, ती फ्रेज एक सप्तक वर आणि दुप्पट वेगाने चमकून जाते.

विरत जाणारा लूप

आता काढण्याबद्दल. १९७० च्या दशकात संगीतकार ब्रायन इनो आणि गिटारवादक रॉबर्ट फ्रिप हे सगळं दोन रील टेप मशीनवर करत होते, एकीवर रेकॉर्ड, तीच टेप ताणून पुढे दुसऱ्या मशीनवर वाजवायची आणि तिथला आवाज परत पहिल्यात सोडायचा. त्याआधी १९६० च्या दशकात अमेरिकन संगीतकार टेरी रायलीनेही दोन टेप मशीनची अशीच जुळणी केली होती. दोन मशीनमधलं अंतर म्हणजे डिलेची लांबी. परत सोडताना आवाज थोडा कमी ठेवला की प्रत्येक फेरीत जुना सूर आणखी मंद व्हायचा, शिवाय टेपमुळे दर वेळी तो जरा घासला जायचा, कडा बोथट व्हायच्या. म्हणजे नवीन सुरांसाठी जागा आपोआप होत होती. डिजिटल लूपर मूळचा असा नाही, तो हजाराव्या फेरीलाही पहिल्यासारखाच ठणठणीत, त्यामुळे जागा आपल्याला करावी लागते.

फीडबॅक कंट्रोल असेल तर तो ९० टक्क्यांवर ठेवून बघा. प्रत्येक फेरीत आवाज नव्वद टक्के उरला तर सात फेऱ्यांत साधारण अर्धा होतो, म्हणजे वीस सेकंदांच्या लूपमध्ये सव्वादोन-अडीच मिनिटांत जुनी लेयर मागे सरकलेली असते आणि तुम्हाला बटणाला हातसुद्धा, म्हणजे पायसुद्धा, लावावा लागत नाही. काही लूपरमध्ये हा कंट्रोल फक्त ओव्हरडब चालू असतानाच चालतो, मॅन्युअल वाचा. तसं असेल तर ओव्हरडब चालूच ठेवायचा आणि वाजवत नसताना व्हॉल्यूम पेडल पूर्ण खाली, नाहीतर पिकअपची गुणगुण सतत आत जात राहते. आणि लूपरमध्ये हे काहीच नसेल तर लांब डिले वापरा, दोन-अडीच सेकंद किंवा असेल त्याहून जास्त टाइम आणि फीडबॅक बराच वर, तो विरणारा छोटा लूपरच झाला.

दोन लूपर असतील तर ते सिंक करू नका. सगळ्या मॅन्युअलमध्ये सिंक कसं करायचं तेच लिहिलेलं असतं, इथे नेमकं उलटं करायचं. एक लूप १७ सेकंदांचा, दुसरा २३ चा, दोघांत दोन-तीन सूर. हे दोन लूप परत सुरुवातीच्याच जुळणीवर यायला ३९१ सेकंद लागतात, म्हणजे साडेसहा मिनिटं, तोवर दर फेरीला सूर वेगळ्या ठिकाणी भेटतात. तिसरा २९ सेकंदांचा टाकला तर तीच जुळणी तीन तासांनी परत येईल. इनोने १९७८ मध्ये विमानतळासाठी म्हणून केलेल्या संगीतात वेगवेगळ्या लांबीचे टेप लूप असेच एकमेकांवर सोडून दिले होते. यात तुमचं काम फक्त एवढंच, दोन्ही लूपमधले सगळे सूर एकमेकांशी कसेही भेटले तरी चालतील असे निवडायचे, म्हणून परत तेच, गंधार नको, अर्धस्वराच्या अंतरावरचे सूर नकोत.

पर्कशन

माझं स्पष्ट मत, पर्कशन लूप करू नका. दोघं वाजवत असाल तर अजिबातच नको. गिटारचा लूप एकच गोष्ट परत परत सांगतोय, त्यावर जिवंत हात हवेत, दर वेळी जरा वेगळे, नाहीतर सगळं मशीनसारखं होतं.

वाद्यं कुठली? हळू वाजवता येईल असं काहीही. फ्रेम ड्रम, उडू (मातीचा घट), कहोन, तबला, हँडपॅन (हाताने वाजवायचं सुरातलं धातूचं वाद्य), शेकर, झांजा, सिंगिंग बाऊल. काठ्यांऐवजी मॅलेट, ब्रश आणि बोटं. सिंबलच्या कडेवर व्हायोलिनचा किंवा चेलोचा बो, राळ लावून, खालून वर ओढला की लांब सूर निघतो जो गिटारच्या स्वेलमध्ये असा मिसळतो की कोण काय वाजवतंय ते कळत नाही. काडीला रबरी चेंडू टोचून ड्रमच्या कातड्यावर घासला की कण्हल्यासारखा आवाज येतो, तोही भारी.

सुरातली वाद्यं असतील तर आधी सूर बघा. हँडपॅन स्टेजवर लावता येत नाही, त्यात आहेत तेवढ्याच नोटा, त्यामुळे गिटारने त्याच्याकडे जायचं. डी कुर्द नावाचं जे सगळीकडे दिसतं ते डी मायनर, म्हणजे कोमल गंधार आधीच ठरलेला, तिथे तुमचा सा-प चा लूप बरोबर बसतो पण वरून शुद्ध गंधार विसरायचा. तबल्याचा दायां लूपच्या सा लाच लावून घ्या. बाऊल तर ट्यूनरच्या नेहमीच्या ४४० हर्ट्झच्या हिशोबात असेलच असं नाही, ट्यूनरवर बघा किती हललेला आहे आणि ट्यूनरचा रेफरन्स तेवढा सरकवून अख्खी गिटारच बाऊलला लावा, पाच मिनिटांचं काम आहे.

आता लय. जे तालात वाढलेत त्यांना एक सवय असते, लूपची सुरुवात सापडली की दर आवर्तनाला तिथे सम दाखवायची. ती एकदम सोडा. समेवर थाप पडली की लूपची जी लांबी तुम्ही इतक्या कष्टाने लपवलीत ती जाहीर होते, आणि तिहाई घेऊन आलात तर विषयच संपला. लूपच्या जोडाशी गप्प राहा, मध्येच कुठेतरी वाजवा, सात मात्रांचा काहीतरी फिरता आकार घ्या जो लूपवर दर वेळी वेगळ्या जागी पडेल. पहिली तीन-चार मिनिटं ठेकाच नको, नुसते आवाज, एक घासणं, एक थाप, मग बराच वेळ काही नाही. आलापात लय असते पण ठेका नसतो, तसंच.

पुढे ठेका हवाच असेल तर दोन रस्ते आहेत. एक, लूप बिनलयीचा आहे, त्यावर पर्कशनने स्वतःची लय सुरू करायची, लूपशी जुळवायचा प्रयत्नच करायचा नाही. स्वेलवाला लूप असेल तर हे बिनदिक्कत चालतं. दुसरा, पर्कशनने आधी सुरू करायचं आणि गिटारवाल्याने त्याच्या आवर्तनावर लूपचं रेकॉर्डिंग बंद करायचं. समजा लय मिनिटाला ६० मात्रांची (६० बीपीएम), चार मात्रांची सहा आवर्तनं म्हणजे २४ सेकंद, छान लांबी. डिलेही त्याच लयीत हवा असेल तर ६०,००० ला बीपीएमने भागा, एका मात्रेचे मिलिसेकंद मिळतात, ६० ला १०००, ८० ला ७५०. पण लक्षात घ्या, लूपचं रेकॉर्डिंग संपलं त्या क्षणी ती लय गोठली. आता पर्कशनवाल्याला लूपच्या मागे जावं लागणार, म्हणून त्याला लूप नीट ऐकू आलाच पाहिजे, आणि प्रॉब्लेम नेहमी इथेच येतो, गिटारचा अँप पुढे तोंड करून, पर्कशनवाला मागे, त्याला ऐकू येतो नुसता गुरगुराट. अँप त्याच्या बाजूला तिरका करा किंवा त्याच्या मॉनिटरमध्ये फक्त लूप द्या, तुमचं लाइव्ह वाजवणं कमी असलं तरी चालेल.

एकटेच असाल तर वेगळा प्रश्न. मग एक तर गिटारच पर्कशन म्हणून वापरा, तारा तळव्याने दाबून पिकअपवर बोटांनी टकटक, अकूस्टिक असेल तर बॉडीवर ब्रिजजवळ तळव्याने खालचा आवाज आणि कडेला बोटांनी वरचा, तारांमध्ये कागदाची पट्टी अडकवली की छान खरखरीत ठोका मिळतो. नाहीतर माइक लावून खरं वाद्य लूप करा, पण मग माइकचं गणित समजून घ्या. ओव्हरडब चालू, माइक चालू आणि स्पीकरमधून लूप वाजतोय, म्हणजे लूपचा आवाज माइकमधून परत लूपमध्ये जातो, दर फेरीला काही मिलिसेकंद उशिरा, मीटरला साधारण तीन, आणि चार फेऱ्यांत सगळं डब्यातून बोलल्यासारखं पोकळ होतं. उपाय म्हणजे जवळून डायनॅमिक माइक, स्पीकर माइकच्या मागच्या बाजूला, ओव्हरडबचे तेवढे सेकंद स्पीकरचा आवाज खाली आणि कानात हेडफोन. कॉन्टॅक्ट माइक (वाद्यालाच चिकटवायचा) असेल तर हा ताप बराच कमी होतो, तो हवेतला आवाज फारसा घेत नाही, फक्त त्याला हाय इम्पीडन्स इनपुट किंवा प्रीअँप द्या, नाहीतर पत्र्यासारखा बारीक आवाज येतो. कंडेन्सर लावलात तर ४८ व्होल्टची फँटम पॉवर लागते, ती लूपर पेडल सहसा देत नाही, मिक्सरमधून घ्यावी लागते. आणि शेकरच्या लेयर दोनपेक्षा जास्त नकोत, वरच्या पट्टीतला आवाज कान सगळ्यात लवकर थकवतो.

प्रत्यक्ष वाजवताना

इम्प्रोव्हायझेशन म्हणजे काहीच न ठरवता जायचं असं नाही. तीन गोष्टी ठरवा: सा कुठला, सुरुवात कोण करणार, आणि शेवट कसा. मधलं काही ठरवू नका. पंधरा-वीस मिनिटं हा एका तुकड्यासाठी बरा वेळ आहे, त्यात एकदाच वर चढा, तेही दोन तृतीयांश झाल्यावर. खुणा दोनच ठेवा, मान हलवली म्हणजे मी आता लूप काढतोय, आणि हात वाद्यावरून उचलून मांडीवर ठेवला म्हणजे मी थांबतोय, तू चालू ठेव. याहून जास्त खुणा ठेवल्या की अर्धा वेळ एकमेकांकडे बघण्यात जातो.

चुकीची नोट लूपमध्ये गेली तर? अंडू, म्हणजे टाकलेलं मागे घेणं, आहे, पण बऱ्याच लूपरवर तो फक्त शेवटची ओव्हरडब काढतो, मधली नाही. शिवाय ओव्हरडब तीन फेऱ्या चालू ठेवला असेल तर कधी कधी अंडू तिन्ही फेऱ्या एकदम उडवतो, तेव्हा आपला लूपर काय करतो ते घरी बघून ठेवा. अंडू जमण्यासारखं नसेल तर त्या नोटेला सोबत द्या, पुढच्या फेरीला ती आली की तिच्या खाली असा एक सूर लाइव्ह वाजवा ज्याच्याशी ती जुळते, एक पंचम खाली किंवा एक सप्तक खाली. दोन फेऱ्यांत ती मुद्दाम टाकल्यासारखी वाटायला लागते. आणि अगदीच अर्धस्वराने भांडत असेल तर लूप हाफ स्पीडवर टाकून हळू फेड करा आणि त्या वेळात पर्कशनला पुढे येऊ द्या.

बाहेर पडायचे रस्ते तीन. पहिला, लूपरच्या पुढचं व्हॉल्यूम पेडल, एका मिनिटात हळूहळू शून्यावर, पण हे करताना वरून लाइव्ह वाजवत राहा, नाहीतर फेड आउट फारच उघडा पडतो. आता गंमत अशी की लाइव्ह गिटारही त्याच पेडलमधून जाते, म्हणून शक्य असेल तर लूप वेगळ्या आउटपुटने किंवा वेगळ्या चॅनलवर काढा, तेही नसेल तर त्या मिनिटात पर्कशनने वाजवायचं. दुसरा, लूप एकदम बंद, पण पुढचा रिव्हर्ब पूर्ण वर करून, म्हणजे आवाज तुटत नाही, लांब शेपटी सोडून जातो. तिसरा, फीडबॅक खाली आणि वाट बघणं. मला तिसरा आवडतो पण त्याला तीन-चार मिनिटं लागतात आणि त्या वेळात काही न करता बसायची तयारी लागते, जी गिटारवाल्यांत कमीच असते.

सरावाला एक व्यायाम पुरेसा आहे. दहा मिनिटांचा टायमर लावा, पहिल्या तीन मिनिटांत तीन लेयर टाका आणि उरलेली सात मिनिटं फक्त काढण्यात घालवा, नवीन लेयर टाकायची नाही, वरून वाजवायचं, मंद करायचं, उलटं फिरवायचं, बंद करून परत आणायचं. सगळं फोनवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी अगदी हळू आवाजात, दुसरं काहीतरी काम करत असताना ऐका. कामात असताना ज्या ठिकाणी कान वैतागून वर आला तिथे काहीतरी टोचतंय, बहुतेक वेळा तो एखादा फार उठून दिसणारा सूर असतो जो लूपमध्ये नको होता, लाइव्ह वाजवायला हवा होता.

साउंडचेकला जो कोणी मिक्सरवर असेल त्याला दोन गोष्टी सांगा. एक, गिटारवर आणि पर्कशनवर गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज आपोआप बंद करणारी सोय) लावू नको, गेटला हळू वर येणारे सूर म्हणजे नॉइज वाटतो आणि तो प्रत्येक स्वेलची सुरुवात खाऊन टाकतो. दोन, शेवटची शेपटी विरायला वीस-पंचवीस सेकंद लागतील, आम्ही दोघांनी हात मांडीवर ठेवले तरी फेडर खाली घेऊ नको आणि ब्रेकचं म्युझिक चालू करू नको, मी तुझ्याकडे बघून मान हलवेन तेव्हाच.